आडव्या पडद्यावरचा चौकोन

५ जाने., शनि.

डबा गेला, माझा जुना मॉनिटर. म्हणजे आहे टेबलावरच, पण सकाळपासून सगळं गुलाबी दिसतंय. पान गुलाबी, अक्षरं जांभळी. वरून थोपटलं की दोन मिनिटं शुद्धीवर येतो, पुन्हा तेच. आकृती क्र. २० अशीच थोपटत थोपटत पुरी केली. पंधरा इंची होता बिचारा, पण सेवा केली त्याने.

आत्ताच मरायचं होतं याला. चौदा वर्षं डीटीपी करतेय, त्यातली बारा जुन्या मालकांकडे. पुस्तकात 'अक्षरजुळणी'पुढे त्यांच्या फर्मचं नाव, जुळणारी मी. आता घरी बसून काम, आणि पहिल्यांदाच थेट प्रकाशकाकडून पुस्तक मिळालंय. दातार म्हणाले, "नमुन्याची सोळा पानं आवडली तर तुमचं नाव घालू, मेश्रामबाई. मांडणी व आकृत्या." एवढं बोलून चष्मा पुसायला घेतला, म्हणजे बाई, आता निघा. पानं शुक्रवारी द्यायची आहेत.

नाव! माझं. छापलेलं. सासूबाईंना अजून सांगितलं नाही, त्या सगळ्या बिल्डिंगला सांगतील.

पुस्तक किसनमामांचं. मामा तीस वर्षं मार्केट यार्डात तोलणार होते, कांदा-बटाटा विभागात गोण्यांचं वजन करायचे. आता निवृत्त, बिबवेवाडीतच आमच्या मागच्या गल्लीत कॅरमचा क्लास घेतात, तो नोकरीत असल्यापासूनचा. ऐंशी शॉट, ऐंशी आकृत्या. त्यांनी त्या जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर रंगीत पेन्सिलींनी काढल्यात. मी कंप्युटरवर काढायच्या. सोंगटी कुठे, स्ट्रायकर कुठे, बाण कुठून कुठे. वीस झाल्या, साठ बाकी.

अशोकना सांगितलं, मॉनिटर घ्यावा लागेल. (यापुढे अ. लिहीन, हात दुखतो.) नवरा सरकारी कचेरीत, टेंडर शाखेत. म्हणाले, "तीन कोटेशनं मागवू." म्हटलं, "उद्या संध्याकाळी मॉनिटर घरात पाहिजे." जरा विचार करून, "तातडीची बाब म्हणून करता येईल."

६ जाने., रवि.

टिळक रोडला दुकानात गेलो. सगळे आडवेच. जुन्यासारखा चौकोनी मागितला तर दुकानदार असा हसला, जसं काही मी रॉकेलचा स्टोव्ह मागितला. "मॅडम, आता वाइडचा जमाना."

अ.चे प्रश्न: वॉरंटी दुकानाची की कंपनीची? पडद्यावरचा एखादा ठिपका मेला तर बदलून देणार का? किती ठिपके मेल्यावर? पाय स्वतंत्र मिळतो का? दुकानदार जानेवारीत घामाघूम. शेवटी त्यानेच तोडगा काढला. पुढच्या सोमवारपर्यंत, ता. १४, घरी वापरून बघा. नाही पटला तर परत आणा. फक्त खोका फाटता कामा नये. अ.नी घरी खोका असा उघडला, जसे हॉस्पिटलात टाके काढतात.

एकोणीस इंच. केवढा पातळ! मागे काहीच नाही. डब्यावर आमची छोटी बुद्धमूर्ती असायची, पण याला डोकंच नाही, ठेवणार कुठे? सध्या प्रिंटरवर ठेवलीय. प्रिंट निघताना थरथरते, चेहऱ्यावर मात्र तीच शांती. शिकण्यासारखं आहे.

सगळं जरा बसकं दिसतंय का? अ.ना विचारलं. म्हणाले, "वाइड स्क्रीन आहे. वाइडच दिसणार." पटलं.

७ जाने., सोम.

अ.नी कचेरीत जाण्यापूर्वी फ्रिजवर टिपणी चिकटवली. उतरवून ठेवते, नाहीतर कुणाला खरं वाटायचं नाही:

"सदर मॉनिटरचा पाय टेबलावर डुगडुगतो. उंची कमी-जास्त करण्याची सोय आढळून आली नाही. बटणे खालच्या कडेस असून चाचपडून शोधावी लागतात. चौकट काळी व चकचकीत असल्याने बोटांचे ठसे उमटतात. आवाज क्षीण. निर्णयार्थ सादर."

खरं आहे सगळं. बटणं तर कहर. उजेड कमी करायला गेले, मॉनिटर बंदच झाला. दोनदा. उंचीसाठी खाली दोन जुन्या टेलिफोन डिरेक्टऱ्या ठेवल्या, आता मान सरळ राहते. चकचकीत चौकटीत आणि पडद्यात मागची खिडकी दिसते. दुपारी काम करताना समोरच्या बिल्डिंगमधल्या कुलकर्णीकाकूंची वाळत घातलेली पातळं दिसत होती. पडदा ओढला.

पांढरा रंग म्हणजे नीळ जास्त झालेला सदरा. मेनूत जाऊन जरा कमी केली. उभं राहून बघितलं तर काळं राखाडी होतं, बसलं की पुन्हा काळं. म्हणजे बसूनच काम करा असा हुकूम.

पण एक गोष्ट आहे. दोन पानं शेजारीशेजारी मावतात. डावं-उजवं. डब्यावर अर्धं पान दिसायचं, उरलेलं डोक्यात धरायचं. आज पहिल्यांदा आख्खं पुस्तक उघडल्यासारखं समोर. टूल्सच्या पट्ट्या बाजूला, पान मोकळं. बराच वेळ नुसती बघत बसले. याच्यासाठी पाय डुगडुगला तरी चालेल.

८ जाने., मंगळ.

ब्रेक म्हणून घरचे फोटो उघडले. नागपूरच्या लग्नातले, दिवाळीनंतरचे. अगं बाई! मी एवढी? दंड बघवेनात. सासूबाईंनी मागून डोकावून स्वतःचा फोटो बघितला, "तब्येत सुधारलीय हो माझी," खूश होऊन गेल्या. अ.चंही पोट सुटलेलं, पण त्यांना त्याचं काही नाही.

ठरवलं. संध्याकाळची दुसरी भाकरी बंद.

भंडाऱ्याहून आईचा फोन. "काय करून राहिली?" म्हटलं भाकरी कमी केली. "काऊन वं? कोण काय बोललं?" कुणी नाही गं, मॉनिटर बोलला, असं कसं सांगणार.

आकृती २१ ते २४ आज.

९ जाने., बुध.

बोर्ड चौरस नाही! आज लक्षात आलं. नमुन्याची पानं शेजारीशेजारी लावली तर सगळे कॅरमबोर्ड आडवे, पत्त्यांचा कॅट निजवावा तसे. सोंगट्या अंड्यासारख्या. डब्यावर काढलेल्या पहिल्या वीससुद्धा. म्हणजे डब्याने इतके दिवस मला फसवलं? गुलाबी व्हायच्या आधीपासूनच बिघडला होता तर.

माप बघितलं तर सॉफ्टवेअर म्हणतं रुंदी दहा, उंची दहा. अ. मागे उभे होते, म्हणाले, "दहा बाय दहा आहे की. बरोबर आहे." म्हटलं, आकडे कचेरीत ठेवा. ओळीत अक्षर नीट बसलंय का ते पट्टीला कळत नाही, डोळ्याला कळतं. वाचणारा काय पट्टी घेऊन वाचतो? माझा डोळा जुन्या मालकांनीही मानला होता. अर्धा मिलिमीटर इकडचं तिकडे झालं तर मला दुरून दिसतं. अ. म्हणाले, "नोंद घेतली," आणि चहा ठेवायला गेले.

मूळ बोर्ड रुंदीत दाबत आणला, डोळ्यांना चौरस वाटेपर्यंत. सोंगट्या गोल केल्या. मग झाडून सगळ्या आकृत्या, पहिल्या वीससकट, तशाच दुरुस्त करून सेव्ह केल्या. दिवस गेला, पण पानं काय दिसतात! काटेकोर. अभिमान वाटला स्वतःचा, लिहून टाकते.

११ जाने., शुक्र.

काल आकृती २५ ते ३१ काढल्या. आज सोळा पानं नाक्यावरच्या लेझरवाल्याकडे छापली. आपल्या प्रिंटरची शाई संपलीय. कागद हातात घेतल्यावर जरा उभट वाटलं, त्याला म्हटलं, तुझं मशीन कागद ओढतं. तो म्हणाला, "ताई, दिवसभर ओढतंय, कुणी तक्रार नाही केली." घाई होती. लिफाफ्यात घातली आणि बस पकडली.

दातार, शनिवार पेठ, जिना चढून डावीकडे. पानं उलटली, एक, दोन, तीन. "बरं आहे." दातारांचं 'बरं' म्हणजे दुसऱ्याचं 'वा वा'. म्हणाले, "मी कॅरम खेळत नाही. मामा उद्या येतायत, त्यांना दाखवतो. त्यांनी हो म्हटलं की नावाचं नक्की."

परत येताना पी. एम. टी.त उभी होते, तरी हसू येत होतं. शेजारच्या बाई सरकून उभ्या राहिल्या.

१२ जाने., शनि.

मामा दुपारी थेट घरी आले. हातात पानं आणि बांबूची फूटपट्टी. चपला काढता काढताच, "ताई, ह्यो बोर्ड न्हाय."

म्हटलं, बसा आधी. बसले नाहीत. पान टेबलावर ठेवून पट्टी लावली. "आडवा सव्वाआठ. उभा धा. आता सांगा, आसला बोर्ड कुनी बघितलाय का? आन् हितं बगा, आकृती तीन. ह्या बानानं स्ट्रायकर मारला तर सोंगटी पाकिटात जात न्हाय. भिताडावर जाती. मी आत्ता खेळून आलोय. चारदा मारली. चारदा भिताड."

मी पडदा दाखवला. चौरस आहे, बघा! मामांनी पट्टी पडद्याला लावली. आडवी दहा, उभी दहा. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. म्हटलं, लेझरवाल्याचं मशीन. अ. तेवढ्यात जाऊन दुसरीकडून प्रिंट घेऊन आले. सव्वाआठ, दहा. पुणे शहरातली दोन मशीनं सारखीच कशी ओढतील?

मामा रागावले नाहीत, तेच वाईट. "सावकास बगा, ताई," म्हणून गेले.

सहाला दातारांचा फोन. "मेश्रामबाई, हे कॅरम आहे का खिडकी?" मी काहीतरी बोलले. ते म्हणाले, "नावाचं सध्या राहू द्या. पानं नीट होतात का बघू. नाहीतर तुमच्या जुन्या मालकांना विचारावं लागेल, फेब्रुवारीत स्पर्धा आहे, त्याआधी पुस्तक हवं."

जुन्या मालकांना. म्हणजे पुन्हा आकृत्या माझ्या, नाव त्यांचं. नाही, आकृत्याही माझ्या नाहीत. काहीच...

रडले थोडी. भाकरी दोन खाल्ल्या.

१३ जाने., रवि.

धाकटा दीर राहुल आला. हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टर, रविवारी रश्श्याला हजर. दारातून खोलीत पाऊल टाकलं, पडद्याकडे बघितलं आणि, "वहिनी, हे सगळं स्ट्रेच का झालंय?"

तीन सेकंद. आठवडाभर मी, सरकारी टिपणीसकट अ., सासूबाई, सगळे घरात होतो.

त्याने समजावलं ते असं. मॉनिटर आडवा, पण आपला जुना कंप्युटर त्याला अजून चौकोनी चित्रच पाठवत होता. ते चित्र मॉनिटर दोन्ही बाजूंनी ओढून पूर्ण पडद्यावर पसरायचा. दहाचं बारा दिसायचं. "मॉनिटर बिचारा सांगितलं तेच करतोय. लावल्यावर सेटिंग बदलायचं असतं ना वहिनी, बेसिक आहे." बेसिक म्हणे! रस्सा वाढताना लक्षात ठेवीन.

पेन ड्राइव्हवरून काहीतरी घातलं, दोनदा बंद-चालू केलं, १४४० बाय ९०० निवडलं. पडदा क्षणभर काळा झाला, आणि सगळं बारीक. अक्षरं काय धारदार! इतके दिवस मी पुसट बघत होते आणि त्याला नवेपण समजत होते.

आणि माझे बोर्ड. सगळेच्या सगळे उभट, दाराच्या चौकटीसारखे. म्हणजे डब्याचं बरोबर होतं. दहा बाय दहा बरोबर होतं. अ. बरोबर होते. माझाच डोळा...

लग्नाचे फोटो उघडले. दंड जागेवर. सासूबाईंनी स्वतःचा बघितला, "ही सेटिंग काही बरी नाही," म्हणून टीव्ही लावला. राहुलला ठसका लागला हसून. मलाही हसू आलं, काय करणार.

अ. दिवसभर एक अक्षर बोलले नाहीत. याला मी मोठेपणा म्हणेन.

१४ जाने., सोम.

आज परत करायची शेवटची तारीख. फ्रिजवर नवी टिपणी: "सदर मॉनिटर निर्दोष असल्याचे निष्पन्न. वापरकर्त्याबाबत अभिप्राय राखून ठेवला आहे. ठेवावा."

ठेवला. खोका मात्र अ.नी माळ्यावर जपलाय.

दुपारी मामांना बोलावलं. सगळं खरं सांगितलं, की मशीनचा दोष नाही, माझा. डोळ्यावर विसंबले, आकडा समोर असून मानला नाही. मामा ऐकून घेत होते. म्हणाले, "ताई, मी तीस वर्सं काटा धरला. गोनी नुसती हलवून वजन सांगायचो, किलोभर बी फरक न्हाय. समदे बगायला यायचे. पन वहीत लिवलं ते काट्याचंच. हाताचं कधी न्हाय लिवलं." मी म्हटलं, हे आधी सांगायचंत. "तुमी इचारलं कुठं?"

मग त्यांना दोन पानं शेजारीशेजारी दाखवली. डावीकडे त्यांनी सांगितलेला मजकूर, उजवीकडे आकृती. पुढे सरकून बघत राहिले. वाचन त्यांचं बेताचं, पण पान ओळखलं. "आरं, पुस्तक उगडल्यावानी हाय की." हात जवळ नेला पण लावला नाही, ठसा उमटेल म्हणून.

काम काय आहे ते बघितलं. आकृती नुसती रुंद ताणली की बोर्ड आणि सोंगट्या नीट होतात, पण आतले आकडे आणि अक्षरं पसरतात, बोर्ड दाबताना ती मी तशीच ठेवली होती. म्हणजे प्रत्येक आकृती सुटी करायची, ताणायची, आकडे पुन्हा घालायचे. एकतीस दुरुस्त्या आणि एकोणपन्नास नव्या.

१५ जाने., मंगळ.

दातारांकडे. संक्रांत म्हणून टेबलावर तिळगुळाची वाटी. पुढे सरकवून म्हणाले, "घ्या. गोड बोलायची सक्ती नाही."

चूक कशी झाली ते सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे तुम्ही आठवडाभर लांबट जगात राहत होता." म्हटलं, रुंद. "तेच." मग गंभीर होऊन: ऐंशीच्या ऐंशी ता. २९ पर्यंत, मामांची प्रत्येकीवर सही. नावाचं विचारलं. चष्मा पुसायला घेतला. "काम होऊ द्या, मग बघू."

'मग बघू' म्हणजे काय ते पुण्यात राहून चौदा वर्षांत कळलंय.

१९ जाने., शनि.

पद्धत बसली. सकाळी स्वयंपाक उरकून मी सहा आकृत्या करते, दुपारी लेझरवाल्याकडून प्रिंट, चार वाजता मामांचा क्लास. ते प्रिंट बोर्डाशेजारी ठेवतात, सोंगट्या तशाच मांडतात, पावडर मारतात, आणि बाणाच्या रेघेवरून खेळतात. तीनदा गेली तर कोपऱ्यात सही. नाही गेली तर "न्हाय", आणि बोटाने दाखवतात बाण कुठे सरकला पाहिजे. असा प्रूफरीडर मी आयुष्यात बघितला नाही. पंडित लोक स्वल्पविराम बघतात, हे सोंगटी पाडून बघतात.

आता प्रत्येक बोर्डाचं माप वाचते, मोठ्याने. अ. आतून विचारतात, "किती?" "दहा!" "आणि?" "दहा!" सासूबाई म्हणतात, पाढे चाललेत का.

२३ जाने., बुध.

छप्पन झाल्या. मॉनिटरची सवय झाली. बटणं आता न बघता सापडतात, पाय डुगडुगू नये म्हणून अ.नी खाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावलाय. एक दोष राहिलाच, वरच्या डाव्या कोपऱ्यात एक ठिपका कायम हिरवा. दुकानदाराचा नियम, एकाला बदलून देत नाही. असू दे.

आज गंमत. आकृती ४१, राणी आणि दोन सोंगट्या, एका फटक्यात. मामांनी सात वेळा मारली, सात वेळा गेली नाही. मी घाबरले, पुन्हा काय चुकलं. माप दहा बाय दहा, बाण त्यांच्या पेन्सिलीच्या चित्रावरून हुबेहूब. मामा कपाळाला हात लावून बसले, मग हसायला लागले. "चित्रच चुकलंय माजं. ही मी डाव्या हातानं मारायचो, बान उजव्याचा काढलाय." वीस वर्षं ते चित्र दाखवून शिकवत होते. "आन् पोरं म्हनायची मामा, आमची जात न्हाय. मी म्हनायचो, सराव करा!"

बाण बदलला. पहिल्या फटक्यात गेली. मामांनी सही केली आणि खाली 'सुजाताताईंमुळं' असं एक-एक अक्षर जोडून लिहिलं. तो प्रिंट मी ठेवून घेतला, दातारांना झेरॉक्स देईन.

२६ जाने., शनि.

सुट्टी. झेंडावंदनाहून येऊन सात आकृत्या. राहुल येऊन गेला, आता कंपनीत दोन-दोन मॉनिटर देतात म्हणे एकेकाला. दोन घेऊन बघतो काय विचारलं तर, "एकावर काम, एकावर काम करतोय असं दिसणारं काम." रस्सा आज कमी तिखट केला, माफ केलं त्याला.

२९ जाने., मंगळ.

ऐंशी. ऐंशी सह्या. दातारांकडे गठ्ठा नेला. मामाही होते बरोबर, धुतलेला सदरा घालून.

दातारांनी खणातून पट्टी काढली. प्लास्टिकची, शाळेतली. पहिली आकृती मोजली. मग मधलीच एक. मग शेवटून तिसरी. पट्टी खणात टाकली. "आकृत्या चांगल्या आहेत."

'बऱ्या' नाही. 'चांगल्या'. मामांना फरक कळला नाही, मला कळला.

मग म्हणाले, "उद्या सीडी आणून द्या, सुरुवातीच्या चार पानांसकट. छापखान्याला शुक्रवारी जाईल." नावाचं काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. जिन्यात मामा म्हणाले, "इचारायचं हुतं." म्हटलं, मामा, तुम्हीही आत होता की. "माजं पुस्तक हाय म्हनून गप बसलो," म्हणाले.

३० जाने., बुध.

सुरुवातीची पानं केली. पहिल्यावर पुस्तकाचं नाव, दुसरं कोरं, तिसरं पुन्हा नाव, चौथ्यावर प्रकाशकाचं सगळं. हे चौथं पान मी चौदा वर्षं करतेय. हक्क, आवृत्ती, मुद्रक, मुखपृष्ठ. सगळ्यांची नावं तिथे असतात, अगदी टेम्पोवाल्याचं सोडून. दातारांनी मजकूर पेन्सिलीने लिहून दिला होता. प्रकाशक, मुद्रक, मुखपृष्ठ. त्याखाली जागा मोकळी.

चौथं पान समोर ठेवून बसले. मोकळ्या जागेत टाइप केलं:

मांडणी व आकृत्या : सुजाता मेश्राम

मुद्रकाच्या ओळीएवढाच टाइप. ठळक नाही. पॉइंट बघितला, दोन ओळींमधलं अंतर बघितलं, आकड्यांत. मग डोळ्यांनीही बघितलं, तेवढी सवय जाणार नाही. छान बसली होती ओळ. ती नसती तर पान खाली रिकामं वाटलं असतं, हे मी मांडणीकार म्हणून सांगतेय.

अ. कचेरीतून आले, उभ्याने वाचलं. "मंजुरी घेतली?"

"नाही."

सत्तावीस वर्षं नोकरी झालीय, बिनमंजुरीचा कागद त्यांनी कधी पुढे सरकवला नाही. मग म्हणाले, "सीडीवर नाव घालून दे. हरवायला नको." आणि स्वतःच मार्करने लिहिलं, त्यांच्या त्या फायलीवरच्या अक्षरात.

साडेसहाला दातारांच्या हातात दिली. त्यांनी खणात टाकली. "उद्या सकाळी बघतो." मी नमस्कार केला. जिना उतरले.

३१ जाने., गुरु.

गुरुवार, दुरुस्तीची वीज बंद. पडदा काळा आहे, त्यात खिडकी आणि मी. म्हणून लवकर लिहायला बसले, दुपारी दोन वाजता, मन लागत नाही दुसऱ्या कशात.

शनिवार पेठेतही वीज नसेल. म्हणजे दातारांनी सीडी लावली नसेल. मामा सकाळपासून दोनदा येऊन गेले, "आला का फोन?" सासूबाईंना शेवटी सांगितलं. त्यांनी बिल्डिंगला सांगितलं. कुलकर्णीकाकू येऊन पेढे मागून गेल्या, म्हटलं अजून काही ठरलेलं नाही हो.

पाचला वीज येईल. कदाचित ते उद्यावर टाकतील. कदाचित चष्मा पुसतील, पेन्सिल घेतील आणि ओळीवर रेघ मारतील. त्यांचं पुस्तक, त्यांचा अधिकार, कळतं मला. राग धरणार नाही. म्हणजे धरीन, पण थोडा.

पण खोडायचं तर त्यांना ती ओळ आधी वाचावी लागेल. चौदा वर्षांत माझं नाव छापखान्याकडे जाणाऱ्या पानावर कुणी एकदाही वाचलेलं नाही. दातार वाचतील.